मामा तलाव पाणथळ आहे की नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नागपूरच्या फुटाळा तलावाचा निकाल दिला आणि दिवाळीच्या आत माझ्याकडे तिघं येऊन गेले. एक प्लॉटवाला, एका गावचे माजी सरपंच, आणि तिसरा नागपुरात नोकरी करणारा तरुण. या तरुणानं साकोलीकडे एका तलावाला लागून दोन एकर घेतली होती. तिघांच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरत होता: ‘मानवनिर्मित तलाव म्हणजे पाणथळ नाही, कोर्टानं सांगितलं.’ आणि तिघांना विचारायचं होतं तेही एकच. मग आता काठावर बांधायला मोकळं ना?

मी जमिनीच्या कागदांची कामं करतो. मोजणीचे अर्ज, फेरफार, अकृषकच्या फाइली. भंडारा-गोंदियात हे काम करायचं तर तलाव चुकत नाही, विशेषतः जुने मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव. दर दोन-चार गटांमागे एखादी पाळ (तलावाचा बांध), नाहीतर नहर (कालवा) आडवी येतेच. मोकळं नाही, एवढंच उत्तर होतं. पण का नाही, हे सांगता सांगता प्रत्येकामागे दीड तास गेला. म्हटलं, लिहूनच टाकावं.

पाणथळ म्हणायचं कशाला?

साध्या भाषेत, जिथं जमिनीचा स्वभाव पाणी ठरवतं ती जागा पाणथळ. तिथं काय उगवेल, कोण राहील, माती कशी असेल, हे सगळं पाण्याच्या येण्या-जाण्यावर चालतं. केंद्र सरकारचे ‘पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम’ २०१७ साली आले. त्यातली व्याख्या ऐसपैस आहे. जागा नैसर्गिक असो की माणसानं केलेली, पाणी बारमाही असो की हंगामी, साचलेलं असो की वाहतं, गोडं असो की खारं, सगळं त्यात बसतं. त्यामुळे ‘एप्रिलात पोरं तिथं क्रिकेट खेळतात, ती कसली पाणथळ?’ हा मुद्दा चालत नाही. हंगामी पाणीही पाणीच.

पण एवढं ऐसपैस लिहून झाल्यावर नियम लगेच काही गोष्टी बाहेर काढतात. नदीचं पात्र बाहेर. भातशेती बाहेर. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव बाहेर. आणि मत्स्यपालन, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी खास बांधलेली कामंही बाहेर.

भातशेती वगळली ते बरंच झालं, नाहीतर नांगर घालायला परवानगी मागावी लागली असती. तरी एक गंमत सांगतो. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर आमच्या गोंदियाकडे यावं लागतं, आणि तो घरटं करतो ते बहुधा भाताच्या बांधीतच. सारस घटताहेत म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. ज्या जागेला नियम पाणथळ म्हणत नाहीत, तिथं राज्यातला सर्वांत मोठा पाणथळ पक्षी अंडी घालतो. त्याला व्याख्या कोण वाचून दाखवणार!

या नियमांचं मूळ लांबचं आहे. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात १९८२ ला सामील झाला. त्या करारानुसार जाहीर झालेल्या जागांना रामसर स्थळ म्हणतात. आपलं बुलडाण्याचं लोणार सरोवर २०२० मध्ये त्या यादीत गेलं. नाशिकच्या नांदूर मधमेश्वरनंतर राज्यातलं ते दुसरं. देशात पहिले नियम २०१० मध्ये झाले, आणि त्यांत तलाव, जलाशय ही नावं घेऊन आत धरली होती. २०१७ च्या नियमांनी सिंचनाचे तलाव बाहेर काढले. आजच्या भांडणाची नाळ इथं पुरलेली आहे.

यादीत नाव आलं म्हणजे घरकुल मिळालं असं नाही

व्याख्येत बसलं की नियम आपोआप लागू, असं लोकांना वाटतं. तसं नाही. नियम लागतात दोनच प्रकारच्या जागांना: रामसर स्थळं, आणि सरकारनं अधिसूचना काढून जाहीर केलेल्या पाणथळ जागा.

घरकुलाचं उदाहरण घ्या. ग्रामसभेच्या यादीत नाव येतं, मग पडताळणी, मग मंजुरी, मग हप्ता. यादीत नाव आहे म्हणून कोणी भिंत उभी करत नाही. इथंही तसंच चालतं. आधी यादी. मग त्या जागेचा ‘संक्षिप्त दस्तऐवज’ तयार होतो: हद्द कुठली, पाणी कुठून येतं, लोकांचे आधीपासूनचे हक्क कोणते, काय करता येईल, काय नाही. तो राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे जातो. पर्यावरण मंत्री त्याचे अध्यक्ष असतात. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची समिती असते. प्राधिकरणानं शिफारस केली की हरकती ऐकून २४० दिवसांच्या आत अंतिम अधिसूचना निघायला हवी.

मग यादीतल्या बाकीच्यांनी तोवर काय करायचं? इथं सर्वोच्च न्यायालय मध्ये आलं. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह केला होता. त्यातल्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ जागांना २०१० च्या नियमांतल्या मुख्य बंधनांची तत्त्वं लावून जपा, असं न्यायालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये सांगितलं. पुढे नवी मोजदाद झाली, आकडा २,३१,१९५ वर गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना सांगितलं की जागेवर जाऊन पडताळा आणि हद्दी आखा. म्हणजे घरकुल अजून मिळालेलं नाही, पण यादीतलं झोपडं तोवर कोणी पाडायचं नाही.

‘आमची बोडी लहान आहे’

सव्वादोन हेक्टर म्हणजे साधारण साडेपाच एकर. यापेक्षा लहान बोडी, म्हणजे छोटं तळं, कायद्याबाहेर, असं काही तलाठीसुद्धा सांगतात. (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, माझ्या तोंडात अजून बसत नाही.)

हा आकडा आला कुठून ते बघा. नकाशा १:५०,००० चा. त्यावर तीन मिलिमीटर बाजूचा चौकोन म्हणजे जमिनीवर दीडशे मीटर बाजूचा. दीडशे गुणिले दीडशे, २२,५०० चौरस मीटर, २.२५ हेक्टर. याहून बारीक ठिपका त्या नकाशावर नीट काढता येत नाही. म्हणजे हे पेन्सिलीच्या टोकाचं माप आहे. २०१७ च्या नियमांत किमान क्षेत्राची अट नाही. सरकारला वाटलं तर एका एकराची बोडीही अधिसूचित होऊ शकते.

फुटाळ्यात काय ठरलं आणि काय नाही

फुटाळा भोसल्यांच्या काळातला. तिथं कारंजी, प्रेक्षक गॅलरी, तरंगतं उपाहारगृह अशी कामं निघाली आणि एक संस्था न्यायालयात गेली. प्रश्न होता की फुटाळा २०१७ च्या नियमांनुसार पाणथळ आहे का. नागपूर खंडपीठानं २०२३ मध्ये ‘नाही’ म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. कारण तलाव माणसानं बांधलेला, सिंचनासारख्या कामासाठी बांधलेला, म्हणून व्याख्येतून वगळलेला.

मेसेज इथं संपतो. निकाल पुढे जातो. मानवनिर्मित तलावालाही ‘सार्वजनिक विश्वस्ता’चं तत्त्व लागू होतं, असं न्यायालयानं म्हटलं आहे. हे तत्त्व समजायला देवस्थानाची जमीन आठवा. पुजारी ती कसतो, राखतो, पण विकू शकत नाही, कारण मालक देव. तलावाच्या बाबतीत सरकार पुजारी आणि देव म्हणजे आपण सगळे.

दुसरी गोष्ट, मेसेजनं ‘मानवनिर्मित’ शब्द उचलला. नियम मानवनिर्मित जागा सरसकट वगळत नाहीत, ठरावीक कामासाठी खास बांधलेल्याच वगळतात. ‘खास’ या शब्दावर पुढची सगळी वकिली होणार आहे.

मग मामा तलावाचं काय?

बाहेरच्यांसाठी सांगतो, हा कोणाचा मामा नाही. माजी मालगुजारी तलाव, त्याचं सरकारी लघुरूप ‘मामा तलाव’. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांच्या वर आहेत. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजानं यातले कितीतरी बांधले. जो तलाव बांधेल त्याला जमीन, अशी ती रीत. पुढे मालगुजार, म्हणजे सरकारला गावाचा सारा भरणारे जमीनदार, आले. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली आणि बहुतेक तलाव सरकारकडे आले. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे, मोठे वरच्या खात्यांकडे.

हे तलाव सिंचनासाठी बांधले यात वाद नाही. पाळीतल्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, पाणी खालच्या बांध्यांना जातं. पण त्याच तलावात ढीवर मासे धरतात. शिंगाडा लावतात. कमळाचे देठ काढतात. पाणी उतरलं की पोटातल्या ओल्या मातीवर गाळपेर होते. ढोरं पितात, बायका धुणं धुतात, काठच्या विहिरी भरतात, देवधान (रानभात) उगवतं, हिवाळ्यात बदकं उतरतात. दोन-तीनशे वर्षांच्या अशा तलावाला ‘सिंचनासाठी खास बांधलेलं काम’ म्हणणं म्हणजे घरातल्या आजीला ‘स्वयंपाकाची सोय’ म्हणण्यासारखं आहे. खोटं नाही, पण ऐकवत नाही.

माझं मत विचाराल तर पूर्व विदर्भापुरती ही वगळणूक चुकली. काल-परवा बांधलेल्या पाझर तलावाला ती शोभते. पण मत माझं, कायदा आहे तसा आहे. फुटाळ्याच्या निकालानंतर मामा तलावाला पाणथळ म्हणून जाहीर करा म्हणणाऱ्याला आधी हे दाखवावं लागेल की तो निव्वळ सिंचनाचा उरलेला नाही.

पण प्लॉटवाल्यानं लगेच खूश व्हायचं कारण नाही. पाणथळ नियम म्हणजे चारपैकी एक कुलूप. ते निघालं तरी तीन राहतात. दुसरं कुलूप सरकारी मालकीचं: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे ज्यावर कोणाची मालकी सिद्ध नाही ते तलाव आणि त्यांचे तळ सरकारचे. गावच्या तलावावरची अतिक्रमणं काढा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात सगळ्या राज्यांना बजावलंय. आणि तिसरं कुलूप खास आपलं: निस्तार.

‘सातबारा माझ्या नावाचा आहे’

त्या तरुणाचा हा हुकमी पत्ता. सातबारा स्वच्छ, बोजा नाही, फेरफार मंजूर. मी विचारलं, निस्तारपत्रक पाहिलं? तो म्हणाला, ते काय असतं?

पुण्या-मुंबईच्या वकिलालाही हा शब्द पटकन सापडत नाही. महसूल अधिनियमात विदर्भासाठी एक वेगळं प्रकरण आहे. त्यानुसार गावातल्या सरकारी पडीक जमिनीवर लोकांना काय हक्क, कुठं चराई, कुठून सरपण, कुठून माती, हे निस्तारपत्रकात लिहिलेलं असतं. आणि दुसरा कागद, वाजिब-उल-अर्ज. जी जमीन किंवा पाणी सरकारचं नाही, खाजगी आहे, त्यावर गावाची पाणी घेण्याची, वाटेची, मासेमारीची जी वहिवाट चालत आली ती त्यात नोंदलेली असते. सातबारा सांगतो जमीन कोणाची. या कागदांतून कळतं की तिच्यावर आणखी कोणाकोणाचा हात आहे. मुलगी पसंत पडली म्हणून तिच्या घरची माणसं नाहीशी होत नाहीत, तसं हे.

मालगुजारी गेली तेव्हा काही तलाव खाजगी राहिले, आणि सरकारी तलावांच्या बुडीतातही खाजगी गट निघतात. अशा गटासकट तलाव अधिसूचित झाला तर मालकी जात नाही. वापरावर मात्र बंधन येतं. पाणथळ नियमांत भूसंपादन नाही, म्हणजे मोबदलाही नाही. शेतकऱ्याची यावरची तक्रार मला रास्त वाटते. तिच्यावर आज एकच उपाय आहे: हरकतीच्या मुदतीत जाऊन आपला वापर दस्तऐवजात लिहून घेणं.

पन्नास मीटर मोजायचे कुठून?

अधिसूचित जागेत काय चालत नाही, ते नियम ४ मध्ये आहे. भराव घालून जागेचा वापर बदलणं, अतिक्रमण, नवा उद्योग किंवा जुन्याचा विस्तार, कचरा टाकणं, घातक माल साठवणं, न शुद्ध केलेलं सांडपाणी सोडणं, शिकार. आणि बोटीचा धक्का सोडून कोणतंही पक्कं बांधकाम पन्नास मीटरच्या आत. पन्नास मीटर म्हणजे १६४ फूट.

कुठून १६४ फूट? ‘नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मागच्या दहा वर्षांत दिसलेल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून.’ म्हणजे २०१७ च्या मागची दहा वर्षं. दरवर्षी पाणी सर्वांत वर कुठं टेकलं ते घ्यायचं आणि सरासरी काढायची. सर्वांत मोठा पूर घ्यायचा नाही, आणि आज दिसणारी पाण्याची कडही नाही.

वाक्य छान आहे. पण गावच्या तलावावर दहा वर्षं कोणी काठी रोवून पातळी लिहिली? कोणी नाही.

त्या तरुणाच्या जमिनीवर आम्ही मे महिन्यात गेलो. त्यानं चुन्यानं घराचा आराखडा आखून ठेवला होता, व्हरांडा तलावाकडे तोंड करून. पाणी तेव्हा चार-पाचशे फूट लांब. टेप धरून आम्ही पाण्याच्या कडेपासून मोजायला निघालो तर एक म्हातारे ढीवर सायकल टेकवून बघत उभे.

“टेप गुंडाळा साहेब. पानी तिकडं नाही राहत.”

“मग कुठं राहतं आजा?”

“त्या मोहाच्या बुडाले लागते.”

मोहाचं झाड आमच्या मागं होतं. व्हरांड्याच्याही मागं.

तरुण हसला. म्हाताऱ्यानं वाद घातला नाही. खाली बसून बोटानं माती उकरली आणि तळहातावर पाच-सहा पांढऱ्या, करंगळीच्या नखाएवढ्या शंखुल्या ठेवल्या. पाणगोगलगायींचे रिकामे शंख. पाणी जिथवर येऊन थांबतं तिथं ते पट्ट्यानं साचतात. आम्ही पट्टा धरून चाललो तर तो वळत वळत खरंच मोहाशी गेला. बेशरमाच्या झुडपांत गुडघाभर उंचीवर गवताच्या वाळक्या काड्या अडकलेल्या होत्या, आणि मोहाच्या सालीवर वाळलेल्या शेवाळाची रेघ. म्हाताऱ्यानं त्या रेघेवर नुसतं बोट टेकवलं.

अर्थात शंख न्यायालयात चालत नाहीत. चालतो तो सांडवा. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून जातं, म्हणून सांडव्याच्या माथ्याची पातळी ही तलावाची पूर्ण भरण्याची रेघ. पुरात पाणी तिच्यावर आणखी थोडं चढतं. लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावून ती पातळी जमिनीवर फिरवली की रेषा मिळते. बघायचं इतकंच की सांडवा फुटलेला नाही ना, किंवा गावानं दगड रचून उंच केलेला नाही ना.

हे बारकाईनं करायचं कारण आमच्या जमिनी सपाट. दोनशे फुटांत एक फूट उतार असेल तर पातळीत एका फुटाची चूक म्हणजे जमिनीवर दोनशे फुटांची चूक. अख्खे पन्नास मीटर त्यात बुडतात. आम्ही लेव्हल लावली तेव्हा रेषा मोहाच्या सहा हात अलीकडून गेली. आजोबांच्या बोटाची चूक सहा हातांची. टेपची चूक शेकडो फुटांची.

आता हा तलाव अधिसूचित नाही. म्हणजे पन्नास मीटरचा नियम आज त्याला कागदावर लागत नाही. पण व्हरांड्यात पाणी यायला अधिसूचना लागत नाही, एवढं त्याला पटलं.

‘जाहीर झाला की मासे बंद, गाळ बंद’

ही भीती माजी सरपंचांची. वाघाच्या जंगलाशेजारी राहिलेल्या माणसाची ही भीती खोटी म्हणवत नाही. नवेगावबांधचा मोठा तलाव राष्ट्रीय उद्यानात आहे आणि तिथं वन्यजीव कायदा चालतो. पण तोच मुद्दा आहे. जे पाणी जंगलात किंवा अभयारण्यात आहे त्याला पाणथळ नियम लागत नाहीत, तिथं वनखात्याचे कायदे. लोणारचंही तेच, ते अभयारण्यही आहे.

पाणथळ नियमांचा पाया ‘सुज्ञ वापर’ हा आहे. वापरा, पण तलावाचं तलावपण राहील असं वापरा. संक्षिप्त दस्तऐवजात त्या जागेपुरत्या कामांच्या याद्या कराव्या लागतात: कोणती चालतील, कोणती परवानगीनं चालतील. मासेमारी, शिंगाडा, गाळपेर, ढोरांचं पाणी, तुडुमातून सिंचन हे सगळं त्यात लिहिता येतं. लिहिलं नाही तर? तर पुढं भांडत बसावं लागतं. दस्तऐवज करायला कोणी गावात आलं आणि ढीवर त्या दिवशी बाजाराला गेलेले असले, तर त्यांचा हक्क कागदावर येत नाही. म्हणून मी सरपंचांना म्हटलं, अधिसूचनेला भिऊ नका, कोऱ्या रकान्याला भ्या.

गाळाचं वेगळं सांगतो, कारण ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ मध्ये पोकलेन तलावात उतरलेले मी पाहिलेत. गाळ काढणं चांगलंच, शेताला खत मिळतं. पण तळाशी चिकण मातीचा एक थर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला असतो, मडक्याच्या आतल्या लेपासारखा. गाळाच्या नावाखाली मुरूम लागेपर्यंत खोदलं की लेप फुटतो आणि पाणी खाली झिरपून जातं. तलाव खोल दिसतो, पण टिकत नाही. शिवाय मुरूम हे गौण खनिज, त्याला तहसीलची वेगळी परवानगी लागते. ट्रॅक्टरमध्ये काळं दिसतंय तोवर गाळ. पिवळं दिसायला लागलं की थांबवा.

कवेलूचं छप्पर आणि खालचा गुंड

प्लॉटवाल्याचा शेवटचा डाव असा: “तलावापासून पाऊण किलोमीटरवर लेआऊट आहे, तिथं काय संबंध?”

पावसाळ्यात कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराखाली पागोळीला गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, ठेवतात. गुंडाला कोणी हात लावला नाही, पण छप्पर दुसरीकडे कललं, तर गुंड कोरडाच. तलावाचं छप्पर म्हणजे त्याचं पाणलोट. नियमांत याला ‘प्रभाव क्षेत्र’ म्हणतात: पाणलोटाचा असा भाग जिथं केलेल्या कामानं तलाव बिघडतो. दस्तऐवजात त्याचाही नकाशा जोडावा लागतो. पाऊण किलोमीटरवरच्या लेआऊटनं नाला वळवला, रस्त्याखाली मोरी ठेवली नाही, तर तलाव दोन-तीन पावसाळ्यांत मरतो, आणि काठावर एक वीटही न लावता मरतो.

इथं चौथं कुलूप सापडतं. पूर्व विदर्भात तलावांच्या वरच्या अंगाला पुष्कळदा ‘झुडपी जंगल’ असतं. ही नोंद असलेली जमीन वनजमीनच, असं सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला सांगितलं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वापराला वेगळी वाट ठेवली, पण नव्या लेआऊटला ती नाही. प्लॉटवाल्याच्या रस्त्याचा एक तुकडा नेमका झुडपीत निघाला. पाणथळचा मेसेज त्यानं तिथंच पुसला.

दंडाचं थोडक्यात. हे नियम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली येतात. त्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. आता बदल होऊन दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंत दंड आहे. मोठ्या पैसेवाल्याला हा खर्च आराखड्यात धरता येतो, आणि हीच मला यातली काळजी वाटते.

तिघांचं पुढं काय झालं

प्लॉटवाला दुसरीकडे जमीन बघतोय. तरुणानं घर रस्त्याच्या बाजूला सरकवलं. मोहाच्या खालच्या भागात धान लावतो म्हणतो. लावेल की नाही कोण जाणे. जाताना मी त्याला तहसीलच्या अभिलेख कक्षात, जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागात आणि भूमी अभिलेख कार्यालयात कोणते अर्ज टाकायचे ते लिहून दिलं. कुठं पंधरा दिवस लागले, कुठं दोन महिने.

माजी सरपंच मात्र जिद्दीचे. त्यांनी निस्तारपत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढली. कागद एका कोपऱ्यात वाळवीनं खाल्लेला, शाई तपकिरी. माझ्या टेबलावर पसरून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तलावाचा रकाना मोठ्यानं वाचला. पाणी घेण्याची वहिवाट होती. ढोरांचं पाणी होतं. मासेमारीच्या ओळीत नेमकी वाळवी.

“आता?” ते म्हणाले.

मच्छीमार संस्थेच्या जुन्या लिलावाच्या पावत्या शोधायला त्यांनी त्याच संध्याकाळी ढीवर मोहल्ल्यात माणूस पाठवला.